तिकिटामागची बारीक अक्षरं

मिरजोळ्याच्या माणसाला विमानाचं तसं अप्रूप नाही. विमानतळ गावातच आहे. तटरक्षक दलाचं विमान डोक्यावरून गेलं तर आमच्या अंगणातली मांजरसुद्धा मान वर करत नाही. पण परदेशी जायचं म्हटलं की मुंबई नाहीतर गोव्यातलं मोपा गाठावं लागतं, आणि त्याच्याही आधी तिकिटाचा तो लांबलचक कागद समजून घ्यावा लागतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे कागद वाचून दाखवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं आहे. कुणाच्या मुलाला कुवेतला नोकरी लागते, कुणी लेकीच्या बाळंतपणाला लंडनला निघते. कागद इंग्रजीत असतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "गुरुजी, तिकीट केवढ्याचं ते कळलं, पण हे वरचे पैसे कसले हो?"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्या सवयीमुळे आकड्यांपेक्षा माझं लक्ष सालांकडे जास्त जातं. मुंबई-लंडन जाऊन-येऊन तिकीट घ्या. वर मूळ भाडं. त्याखाली वायक्यू किंवा वायआर, म्हणजे कंपनीने स्वतः लावलेला अधिभार. के३ म्हणजे आपला जीएसटी. पी२ हे विमानतळावरच्या सुरक्षेचं शुल्क. आयएन हे विमानतळ वापरल्याचं. येतानाच्या प्रवासासाठी जीबी, हा ब्रिटिश सरकारचा कर, आणि यूबी हे तिकडच्या विमानतळाचं. मग हवी ती खिडकी, जादा बॅग, आणि शेवटी विमा. लोकांना वाटतं की ही सगळी एकाच कुणीतरी एका बैठकीत रचलेली लबाडी आहे. तसं नाही मंडळी. प्रत्येक ओळ वेगळ्या साली जन्माला आली आहे. काहींच्या मागे युद्ध आहे, काहींच्या मागे अपघात, काहींच्या मागे निव्वळ हाव. आणि तळाशी एक जुना प्रश्न आहे: वाटेत काही झालं, तर भरायचं कुणी?

हा प्रश्न कोकणाला समुद्राने फार पूर्वी घातला होता, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमच्या जिल्ह्यातून परदेशी जाणारा पहिला मोठा लोंढा मॉरिशसचा. १८३४ पासून त्या बेटाने उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. मुंबई बंदरातून जी माणसं गेली त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची पुष्कळ होती. आज मॉरिशसमध्ये मराठी आडनावं आणि गणपती दिसतात ते त्यांचेच. जाताना भाडं द्यावं लागत नव्हतं. करार पाच वर्षांचा, आणि सुरुवातीच्या करारांत मुदत संपल्यावर फुकट परतीचा प्रवासही होता. १८५०च्या दशकात ही परतीची सवलत काढून टाकण्यात आली. म्हणजे तिकीट एकाच बाजूचं राहिलं. शिवाय एक दिवस कामावर गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. त्याला तिकडे 'डबल कट' म्हणत. अशा मजुरीतून परतीचं भाडं साठवायचं म्हणजे काय, याचा हिशेब तिसरीतलं पोरही करील. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या चढलेले बहुसंख्य पुन्हा उतरले नाहीत. करारावर अंगठा उठवताना परतीच्या कलमाचं त्यांना कुणी वाचून दाखवलं असेल का, हा विचार माझ्या मनात हटकून येतो. माझं हल्लीचं काम तेच आहे ना!

पुढे मुंबई-कोकण बोटी आल्या. माझ्या लहानपणी त्या चालू होत्या. बोट धक्क्याला लागत नसे, लांब नांगर टाकून उभी राही. पडावात बसून तिथवर जायचं, मग खलाशी हाताला धरून वर ओढून घेत. ट्रंक वर चढवायची तर हमाली वेगळी. या अर्थाने 'वरचे पैसे' आम्हाला नवे नाहीत. फरक एवढाच की हमाल समोर उभा असे. त्याच्याशी घासाघीस करता येई. वायक्यूशी कोण घासाघीस करणार?

पण त्या बोटीच्या तिकिटावर विम्याची ओळ मी तरी कधी पाहिली नाही. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ला, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' उलटली. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती, लोक घरी सणाला निघाले होते. सहाशेवर माणसं गेली. घरातली मोठी माणसं त्या दिवसाबद्दल बोलत ती बोट, लाटा, पोहून आलेले कोळी यांबद्दल. मागे राहिलेल्या बायकामुलांना पैसे कुणी आणि किती दिले, हा विषय त्या बोलण्यात कधी आलेला मला आठवत नाही. गेलेलं माणूस म्हणजे नशिबाचा भाग. त्याची भरपाई मागायची असते, हेच डोक्यात नव्हतं.

आणि तरी जगात ही कल्पना तेव्हा शंभर वर्षांची झालेली होती. १८४९ साली लंडनमध्ये 'रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युअरन्स कंपनी' निघाली. आगगाडीच्या तिकिटाबरोबर खिडकीवरच विम्याची चिठ्ठी मिळे. पहिल्या वर्गाला तीन पेन्स भरले की हजार पौंडांचा विमा, दुसऱ्याला दोन पेन्समध्ये पाचशेचा, आणि तिसऱ्या वर्गाला एका पेनीत दोनशे पौंडांचा. जिवाची किंमत डब्यावर ठरत होती हे खरं, पण निदान ती चिठ्ठी तिसऱ्या वर्गालाही मिळत होती. आपल्याकडे रेल्वेच्या इंटरनेट तिकिटावर असा विमा २०१६ साली आला. दहा लाखांचा विमा, हप्ता तेव्हा ९२ पैसे, आणि नंतर तर त्याच्याही निम्म्यावर उतरला. मुंबईला जाताना हा चौकोन मी न चुकता भरतो. एक रुपयाही लागत नाही हो, तेवढ्यात तर पारले-जीचं बिस्किटसुद्धा येत नाही.

आता विमान. इथे गोष्ट उलटी सुरू होते. आधी काळजी घेतली गेली ती विमान कंपन्यांची.

१९२९ साली वॉर्सा इथे देशोदेशींचा एक करार झाला. विमानधंदा तेव्हा पाळण्यात होता. एक मोठा अपघात झाला तर कंपनी बुडेल अशी भीती. म्हणून देवाणघेवाण ठरली. प्रवाशाने कंपनीची चूक सिद्ध करायची गरज नाही, चूक कंपनीचीच धरली जाईल. पण त्या बदल्यात एका प्रवाशामागे भरपाईला वरची मर्यादा: १,२५,००० सोन्याचे फ्रँक, म्हणजे सुमारे ८,३०० अमेरिकन डॉलर. ब्रिटिश सरकारने १९३४ साली कायदा करून हा करार हिंदुस्थानला लागू केला. जे. आर. डी. टाटांनी कराची-मुंबई टपाल विमान उडवलं ते १९३२ साली. म्हणजे आपल्याकडे विमानात धड माणसं बसू लागण्याच्या आधी त्यांची कमाल किंमत ठरून गेली होती.

८ जून १९४८ला एअर इंडियाचं पहिलं परदेशी उड्डाण झालं, मुंबईहून कैरो, जिनिव्हा, लंडन. विमानाचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. पाठ्यपुस्तकात एवढंच असतं. पुढचं नसतं. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५०ला आल्प्समध्ये मों ब्लांच्या डोंगरावर आदळलं आणि ४८ जण गेले. प्रवासी बहुतेक सगळे खलाशी होते, इंग्लंडमधल्या जहाजावर कामाला रुजू होण्यासाठी निघालेले. राजे-महाराजांच्या विमानात खलाशी कसे, असं वाटेल, पण जहाज कंपन्यांना माणसं लवकर पोचवायची असत. समुद्रावर पोट भरणारी ती माणसं हवेत गेली. त्यांच्या बाबतीत १९२९चा करारच लागू होता. १९५५ साली हेगमध्ये मर्यादा दुप्पट ठरली, पण आपल्या कायद्यात ती यायला १९७२ उजाडलं.

ही मर्यादा प्रवाशाला सांगायची कुठे? तिकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत. ज्यांनी जुनी कार्बनवाली तिकिटं हाताळली आहेत त्यांना तो राखाडी मजकूर आठवेल. १९६६ साली अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी मर्यादा ७५,००० डॉलर करताना एक अटही घातली गेली, की ही सूचना किमान दहा पॉइंटच्या टाइपात छापली पाहिजे. १ सप्टेंबर १९८३ला कोरियन एअर लाइन्सचं विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं. २६९ माणसं गेली. नातेवाइकांच्या वकिलांच्या लक्षात आलं की तिकिटांवरचा टाइप आठ पॉइंटचा आहे. त्यांनी म्हटलं, सूचना नियमाप्रमाणे दिलीच नाही, तेव्हा मर्यादा लागू नाही. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८९ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. टाइप लहान असला तरी मर्यादा कायम! मी शाळेत प्रश्नपत्रिका छापून घेताना प्रेसवाल्याशी टाइपावरून भांडत असे. आमचे मुख्याध्यापक हसायचे. दोन पॉइंटांवरून २६९ घरांचा दावा अडतो हे तेव्हा मला माहीत असतं तर आणखी भांडलो असतो.

कंपनी पुरेसं देणार नाही, मग स्वतःच विमा घ्या, असा धंदा अमेरिकेत १९५०च्या दशकात जोरात होता. विमानतळावर यंत्रं असत. नाणी टाका, पॉलिसी बाहेर. १ नोव्हेंबर १९५५ला डेन्व्हरहून निघालेल्या विमानात जॅक ग्रॅहम नावाच्या माणसाने आपल्या आईच्या सामानात बॉम्ब ठेवला. विमानतळावर तिच्या नावे त्याने असे विमे काढले होते. ४४ माणसं मेली. आईची सही नसल्याने विमे रद्दच ठरले, ग्रॅहमला पुढे मृत्युदंड झाला. हे वाचल्यापासून कुठल्याही विम्याच्या अर्जावरची सही मी दोनदा बघतो.

आपल्याकडे त्या काळात वेगळीच तऱ्हा. परकीय चलनाचा दुष्काळ. साठच्या दशकात परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या खिशात आठ डॉलर असत, ही गोष्ट त्या पिढीतला प्रत्येक अनिवासी भारतीय अजून सांगतो (आणि दर वेळी नव्याने सांगतो!). रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म मंजूर झाल्याशिवाय तिकीटच निघत नसे. १९७९च्या वित्त कायद्याने परदेश प्रवास कर आला. तो वाढत वाढत पाचशे रुपयांवर गेला आणि जानेवारी २००४ मध्ये बंद झाला. एखादी ओळ तिकिटावरून खरोखर पुसली गेली, असं माझ्या माहितीतलं हे दुर्मीळ उदाहरण. परदेशी जाणाऱ्यांसाठी ओव्हरसीज मेडिक्लेम ही पॉलिसी सरकारी विमा कंपन्यांनी आणली १९८४ साली. तोवर तिकडे आजारी पडायचं नाही, हाच विमा.

मग ११ सप्टेंबर २००१. या तारखेने तिकिटाचं पान बदललं. त्या आठवड्यातच विमा कंपन्यांनी जगभरच्या विमान कंपन्यांना सात दिवसांची नोटीस देऊन युद्ध आणि दहशतवादाच्या धोक्याचं संरक्षण काढून घेतलं. विम्याशिवाय विमान उडवता येत नाही. सरकारांना हमी द्यावी लागली, आपल्या सरकारनेही दिली. नवा विमा मिळाला तो महाग, आणि तो खर्च 'विमा अधिभार' म्हणून तिकिटावर आला. लक्षात घ्या, हा विमा विमानाचा. प्रवाशाचा नव्हे. पैसे मात्र प्रवाशाचे. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेने सुरक्षा शुल्क लावलं, अडीच डॉलर. आपल्याकडचं पी२ आज त्याच कुळातलं आहे. जुलै २०१९ मध्ये ते परदेशी प्रवासाला ४.८५ डॉलर होतं, एप्रिल २०२१ मध्ये १२ डॉलर झालं. घरगुती प्रवासाला तेव्हा दोनशे रुपये. ब्रिटनचा जीबी कर त्याहून जुना. १९९४च्या नोव्हेंबरात सुरू झाला तेव्हा युरोपपुरता पाच पौंड, त्याबाहेर दहा. एप्रिल २०२५ मध्ये भारताइतक्या अंतराला साध्या वर्गात तो नव्वद पौंड झाला. लंडनहून परत येणाऱ्या आजीबाईंना हा कर म्हणजे काय ते समजावून सांगताना मी एवढंच म्हणतो, की इंग्रज गेले, पण करवसुली विसरले नाहीत.

हे झाले सरकारी पैसे. ते निदान जाहीर असतात. खरी गंमत वायक्यूची. २००४ साली तेल महागलं तेव्हा कंपन्यांनी मूळ भाडं वाढवायच्या ऐवजी 'इंधन अधिभार' अशी वेगळी ओळ टाकली. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या दोन कट्टर स्पर्धक कंपन्या हा अधिभार आपसांत बोलून वाढवत होत्या. दीड वर्षात लांबच्या परतीच्या तिकिटावर तो पाच पौंडांवरून साठ पौंडांवर गेला. भांडं फुटलं ते व्हर्जिननेच सांगितल्यामुळे. ऑगस्ट २००७ मध्ये ब्रिटिश एअरवेजला ब्रिटनमध्ये १२ कोटी १५ लाख पौंड आणि अमेरिकेत ३० कोटी डॉलर दंड झाला. सांगणाऱ्याला माफी. आपल्या स्पर्धा आयोगानेही २०१५ साली तीन भारतीय विमान कंपन्यांना मालवाहतुकीवरच्या इंधन अधिभारात संगनमत केल्याबद्दल दंड ठोठावला. यात शिकण्यासारखं हे, की इंधन स्वस्त झालं तेव्हा ती ओळ गेली नाही. तिचं नाव नुसतं 'कंपनीचा अधिभार' झालं. तिकीट रद्द केलं की काय परत मिळतं, हे बघताना याच ओळीवर बोट ठेवावं. सरकारी कर आणि विमानतळाचे पैसे प्रवास झालाच नाही तर परत मागता येतात, पुष्कळांना ते माहीत नसतं. कंपनीचा अधिभार मात्र नियम बघितल्याशिवाय परत मिळेल असं धरू नये.

बॅगांचे पैसे, जागेचे पैसे यांचं साल २००८च्या आसपासचं. अमेरिकन एअरलाइन्सने जून २००८ मध्ये पहिल्या बॅगेला पंधरा डॉलर घ्यायला सुरुवात केली, बाकीच्या मागोमाग गेल्या. याच्यावर अधिक लिहीत नाही. आंब्याची पेटी वजनात बसत नाही म्हणून काउंटरवर उघडून हापूस खात बसलेली माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत.

विम्याचा चौकोन मात्र थांबून बघायला हवा. तिकीट काढताना तो आधीच भरलेला असे, आपल्याला कळायच्या आत हप्ता बेरजेत जाई. भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत न मागता टोपलीत टाकलेल्या वस्तूचं उदाहरण म्हणून विमान तिकिटाबरोबरचा विमाच दिलेला आहे. आणि आणखी एक मजेदार उदाहरण आहे: विमा नको म्हणायचं तर 'मी असुरक्षित राहीन' अशा वाक्यावर टिचकी मारायला लावणं. ग्राहकाला लाजवण्याचा हा प्रकारही तिथे बंदीत घातला आहे. वाण्याच्या दुकानात कुणी असं केलं असतं तर चार शिव्या खाल्ल्या असत्या.

पण चौकोन बळजबरीने भरलेला होता म्हणून विमाच नको, असं म्हणणारे आमच्याकडे फार झाले आहेत, आणि ते चूक आहे. युरोपात शेंगेन व्हिसाला १ जून २००४ पासून तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे. अमेरिकेला सक्ती नाही, आणि खर्च तिथेच सर्वांत जास्त. आमच्या नात्यातल्या एका बाईंना तिकडे मुलाकडे असताना छातीत दुखून दवाखान्यात न्यावं लागलं. विमा होता. कंपनीने, नाव सांगत नाही, क्लेम नाकारला, कारण रक्तदाबाची गोळी त्या सहा वर्षं घेत होत्या आणि अर्जात ते लिहिलेलं नव्हतं. अर्ज एजंटाने भरला होता. तेव्हा साठीपुढच्या माणसांना माझा आग्रह असतो, की तिकिटाच्या खिडकीवरचा चौकोन सोडा, विमा वेगळा घ्या, आणि अर्जात चालू असलेली प्रत्येक गोळी स्वतःच्या हाताने लिहा. हप्ता वाढेल, वाढू दे.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांत अशी घरं फार आहेत, की ज्यांची चूल आखाताच्या पैशावर पेटते. १ जानेवारी १९७८ला मुंबईहून दुबईला निघालेलं 'सम्राट अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ जण गेले. त्यानंतर २२ मे २०१०ला दुबईहून येणारं विमान मंगळुरूला धावपट्टी सोडून दरीत गेलं. १६६ पैकी आठ वाचले. या दोन अपघातांच्या मध्ये कायदा बदलला होता. १९९९ साली माँट्रियलमध्ये नवा करार झाला आणि भारत त्यात २००९ साली सामील झाला. जुनी क्षुल्लक मर्यादा गेली. ठरावीक रकमेपर्यंत कंपनीला 'आमची चूक नव्हती' असं म्हणता येत नाही. ती रक्कम आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात असते. तेव्हा एक लाख, म्हणजे साधारण पंचाहत्तर लाख रुपये. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१,८८० झाली, आजच्या भावाने पावणेदोन-दोन कोटींच्या घरात. त्यापलीकडची भरपाईही मागता येते, फक्त तिथे कंपनीला बचावाची संधी असते.

मंगळुरूनंतर गावोगाव सांगितलं गेलं की प्रत्येकाला पंचाहत्तर लाख मिळणार. केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०११ मध्ये तसा निकालही दिला. खंडपीठाने तो फिरवला. त्यांचं म्हणणं असं, की ही किमान रक्कम नव्हे. नुकसान किती झालं ते सिद्ध करावं लागतं, तेवढीच भरपाई. म्हणजे गेलेल्या माणसाचा पगार, वय, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, यांचा हिशेब. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दुबईतल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला ७ कोटी ६४ लाख मंजूर केले. त्याच विमानात मजूरही होते. कायद्याने कुणावर अन्याय केला असं मी म्हणत नाही. पण १८४९च्या त्या चिठ्ठीची आठवण होते, पहिला वर्ग हजार पौंड, तिसरा दोनशे. ज्याच्या पगाराचा कागदच नाही, अर्धा पगार रोखीत मिळतो, त्याचं नुकसान सिद्ध कसं करणार?

म्हणून या मुलांसाठी ती स्वस्तातली सरकारी पॉलिसी महत्त्वाची. प्रवासी भारतीय विमा योजना २००३ साली सुरू झाली. २०१७च्या नियमांप्रमाणे अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व यांना दहा लाख, हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, वर कर. इथे पगार विचारत नाहीत. दहा लाख म्हणजे दहा लाख, मग तो गवंडी असो की ड्रायव्हर. मालक बदलला तरी विमा चालू राहतो.

आणि इथे एक विचित्र गोष्ट आहे, मास्तर म्हणून ती मला फार लागते. ही पॉलिसी सक्तीची आहे ती ज्याच्या पासपोर्टाला सरकारी परवानगी लागते त्यालाच, म्हणजे मुख्यतः दहावी न झालेल्याला. दहावी पास झालेला मुलगा त्या सक्तीतून सुटतो. कायद्याचा तर्क असा, की शिकलेला आपलं हित आपण बघेल. माझ्याच हाताखालून दहावी झालेली मुलं आखातात गवंडीकाम करताहेत, मचाण तेच, उंची तीच. पण नापास झालेल्या दोस्ताकडे दहा लाखांचा कागद आहे आणि पास झालेल्याकडे नाही.

गेल्या महिन्यात एक बाप आपल्या मुलाचं तिकीट घेऊन आला. मुलगा दहावीला बासष्ट टक्के. मुंबई-दोहा, एकाच बाजूचं. मी वायक्यू सांगितलं, पी२ सांगितलं, मग विमा कुठे आहे म्हणून विचारलं. "तो त्याला लागत नाही म्हणाले, मास्तर." लागत नाही आणि नको यातला फरक सांगायला मला अर्धा तास लागला. मग वेगळी पॉलिसी काढली. वारस म्हणून कुणाचं नाव घालायचं यावर बापलेकात बोलणं झालं. १२ जून २०२५च्या अहमदाबादच्या अपघातानंतर विमा कंपन्यांपुढे असे कागद आले होते, की ज्याचा विमा तोही विमानात आणि ज्याचं वारस म्हणून नाव तोही विमानात. ते मी त्यांना सांगितलं. मुलाने आईचं नाव घातलं, ती कुठे जात नाही म्हणून. पॉलिसीच्या दोन झेरॉक्स काढल्या. मुलगा म्हणाला की मोबाइलमध्ये आहे, झेरॉक्स कशाला. मी म्हटलं, मोबाइल तुझ्याबरोबर दोह्याला जाणार. ही प्रत आईच्या रेशनकार्डाच्या पिशवीत राहू दे, आणि पॉलिसीचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयावर मराठी आकड्यांत लिहून ठेव.